ऑकलंडच्या काचपेटीतली धोकटी

परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, मेंढ्या पाहिल्यास का? पाहिल्या. हिरव्या डोंगरावर तांदूळ सांडल्यासारख्या दिसतात. समुद्रही पाहिला, आणि त्याचे फोटो धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर टाकलेच आहेत. मला सांगायचंय ते त्या फोटोंत नाही. ते सांगताना महिना उलटला तरी माझा आवाज चढतो, तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी जिल्हा रुग्णालयात भांडारपाल आहे. कापूस, सुया, सलाइन मोजून घेणं आणि मोजून देणं हे माझं काम. यादीशिवाय मी भाजी आणायलाही जात नाही. माझा हा धाकटा भाऊ सुहास ऑकलंडला सर्जन आहे, बावीस वर्षं झाली. नवऱ्याच्या गुडघ्यांनी नकार दिल्यामुळे मी एकटीच निघाले. निघण्याआधी सुहासचा फोन आला. "ताई, आजोबांची पेटी घेऊन येशील? इथल्या एका लहानशा वैद्यकीय संग्रहालयात प्रदर्शन आहे. मध्ययुगापासून पुढची दोन-तीनशे वर्षं शस्त्रक्रिया कशी होत होती, त्याचं. मी समितीवर आहे. आपल्याकडचंही काहीतरी हवं ना त्यात."

ती पेटी नव्हे, धोकटी. न्हाव्याची चामड्याची पिशवी. आमचे आजोबा कराडजवळच्या आमच्या गावचे न्हावी. धोकटीत वस्तरा, कातर, नखं काढायची नहरणी, धार लावायचा दगड, गळू फोडायचं लहान पातं आणि शिंगाची तुंबडी. कुणाच्या पाठीत, गुडघ्यात रक्त साकळलं की आजोबा तिथे बारीक फासण्या, म्हणजे चिरा, टाकत, वर शिंग ठेवून टोकाच्या भोकातून हवा ओढून घेत आणि भोक मेणाने बंद करत. शिंगात रक्त उतरे, दुखणं हलकं होई. ही तुंबडी त्यांच्या पणजोबांच्याही आधीची, असं ते सांगत. खरं किती, ते मला माहीत नाही. जुनी आहे एवढं नक्की.

सुहास पेटी का म्हणतोय, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

ऑकलंड विमानतळ

जाणाऱ्यांसाठी सूचना: या देशात सामानातलं काहीही लपवू नका. खाण्याचं, लाकडाचं, चामड्याचं, शिंगाचं, बियांचं, सगळं आधी जाहीर करायचं. माझ्यापुढच्या बाईंच्या पर्समधून एक सफरचंद निघालं, तर त्यांचा चेहरा सोन्याची बिस्किटं सापडल्यासारखा झाला. मी दोन पानी यादीच छापून नेली होती. तपासणीच्या टेबलामागे माओरी बाई होत्या, माझ्याच वयाच्या. यादी वाचून, आधी त्यांच्या भाषेतला नमस्कार करत म्हणाल्या, "किया ओरा. सगळ्यांनी असं केलं तर मी वेळेवर घरी जाईन."

गोडा मसाला सुटला. आमसुलं सुटली. धोकटीतलं शिंग मात्र त्यांनी दिव्याखाली धरून कीड आहे का ते पाहिलं. "हे कशाचं?"

मी सांगितलं. आजोबा न्हावी होते, याने अंगातलं साकळलेलं रक्त काढायचे, गळवं फोडायचे, हाडं बसवायचे.

"तुझ्या कोरोंचा हात चांगला असणार," त्या म्हणाल्या. कोरो म्हणजे आजोबा. शिंग त्यांनी दोन हातांनी परत दिलं. मला फार बरं वाटलं. चला, देश बरा दिसतोय.

बॉटनी डाउन्स

सुहासचं घर शहराच्या पूर्वेला, एका अवाढव्य बाजारसंकुलाच्या जवळ. घरात तो, मीनल आणि सतरा वर्षांची आर्या. मीनल फार्मासिस्ट आहे. आर्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी विचारलं, "भूक लागली का गं?" तर म्हणते, "हीप्स, आत्या." हीप्स म्हणजे ढीगभर. तिथपर्यंत माझी गाडी तिसऱ्या दिवशी पोहोचली.

कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. गोठा तर नाहीच, दूधही एका कोपऱ्यात. बाकी आइस्क्रीम, चिप्स आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या. दुपारी चार वाजता रस्त्यावर माणूस दिसत नाही. कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात छत्रीसारखी फिरती दोरी असते, ती मला इतकी आवडली की मी माप घेऊन आले आहे.

धोकटी पहिल्याच संध्याकाळी सुहासच्या हातात दिली. त्याने ती उघडली आणि वास घेतला. मग सगळ्या वस्तू एका लाकडी पेटीत मांडल्या. पितळी कडीची, छान पॉलिश केलेली पेटी. "दिसायला बरी दिसते," म्हणाला.

"आणि धोकटी?"

"ती फार झिजलीये, ताई."

पापाटोएटो

शनिवारी कढीपत्ता आणि पोहे आणायला आम्ही पापाटोएटोला गेलो. एका ओळीत आपली दुकानं, मिठाई, साड्या, भांडी, मोबाइलची दुरुस्ती. कढीपत्त्याची जुडी हातात घेऊन ती किती शिळी आहे यावर मी दुकानदाराशी बोलत होते, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"डॉक्टर! आणि ह्या ताई ना? भारतातून पेटी घेऊन आलेल्या?"

हे नाना. निवृत्त इंजिनिअर, इथल्या मराठी मंडळींत वडीलधारे. माणूस प्रेमळ, पण दोन वाक्यांत तुमचं गाव आणि तिसऱ्यात तुमचं कूळ काढणारा.

"वैद्य घराण्यातलं माणूस ओळखू येतं बघा," नाना म्हणाले. "पाला बघण्याची नजर! आजोबा राजवैद्य होते ना तुमचे?"

मी सुहासकडे पाहिलं. सुहास पोह्यांच्या पिशवीमागची अक्षरं वाचत होता. आयुष्यात प्रथमच त्याला पोह्यांत काय काय असतं हे जाणून घ्यायचं होतं.

"आजोबा का?" मी तोंड उघडलं.

"ताई, पार्किंगची वेळ संपतेय," सुहास म्हणाला आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. कढीपत्ता तिथेच राहिला.

गाडीत मी विचारलं, "राजवैद्य?"

"नानांना वाढवून बोलायची सवय आहे."

"वाढवायला मूळ काहीतरी लागतं, सुहास."

संग्रहालय

सोमवारी मी एकटीच बस बदलत संग्रहालयात गेले. जुनं लाकडी घर, तीन खोल्या. सांभाळणाऱ्या हेदरबाई शस्त्रक्रियागृहात परिचारिका होत्या, आता निवृत्त. त्यांच्या हातात फळी, फळीला यादी, यादीत बरोबरच्या खुणा. मला लगेच मैत्रीण मिळाली.

पहिल्या खोलीत युरोप. मध्ययुगातला शिकलेला वैद्य लॅटिन वाचायचा, रोग्याची लघवी काचेच्या भांड्यात घेऊन उजेडात धरायचा, पण रक्ताला हात लावायचा नाही. ते काम न्हाव्याचं. दाढी करणारा, दात उपटणारा, शीर तोडून रक्त काढणारा, लढाईत तुटलेला पाय कापणारा, सगळं एकच माणूस. इंग्लंडात न्हावी आणि शल्यकर्मी दोनशे वर्षं एकाच संघात होते. चंद्र कुठल्या राशीत असताना कुठली शीर तोडायची नाही, याचा एक तक्ताही होता. आमचे आजोबा अमावास्येला तुंबडी लावत नसत. मी त्या तक्त्यापुढे उभी राहून मनाशी हसले.

मग ते चित्र. प्रेत फाडून शिकवण्याचा वर्ग. उंच आसनावर प्राध्यापक पुस्तक वाचतोय, खाली एकजण छडीने जागा दाखवतोय, आणि प्रेताला हात लावून कापणारा तिसराच. तो न्हावी.

मी हे पाहिलेलं आहे. आमच्या गावचे वैद्य असेच यायचे. रोगी ओट्यावर, वैद्य चार हात लांब, हातातल्या काठीने दाखवणार, "गण्या, इथे काप." आजोबा कापायचे. घाण पुसायचे. वैद्य घरी जाऊन अंघोळ करायचे, आणि रोगी बरा झाला की गावभर वैद्यबुवांच्या हाताचा गुण! आजोबांना त्याच रोग्याच्या घरी पाणी वरून ओतून मिळायचं. हे मी ऐकीव सांगत नाही. मी आठ वर्षांची होते आणि आजोबांच्या मागे उभी होते.

हेदरबाई म्हणाल्या, "म्हणून आम्ही तुझ्या भावाला मिस्टर म्हणतो. ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या पाटीवर त्याच्या नावाआधी मिस्टर वाचून मला वाटलं होतं, रंगाऱ्याची चूक असेल. त्यांनी समजावलं. शिकलेले ते डॉक्टर; न्हाव्यांमधून आलेले सर्जन, त्यांना ती पदवी नव्हती, ते साधे मिस्टर. पुढे सर्जनांचा मान वाढला, तरी त्यांनी मिस्टर सोडलं नाही. उलट ते मिरवायला लागले. इंग्रजांकडून ही रीत इथे आली. इथे अजूनही पुष्कळ सर्जन मोठी परीक्षा पास झाले की डॉक्टर सोडून मिस्टर होतात.

"सुहास मिस्टर झाला त्या दिवशी त्याने विभागात केक आणला होता," त्या म्हणाल्या.

दुसरी खोली आपली. भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या शल्यग्रंथाची स्तुती, नाक जोडण्याची, मोतीबिंदू काढण्याची. ठीक. त्याच्या शेजारचा फलक थेट इंग्रजांच्या इस्पितळांचा. मधली हजार-दीड हजार वर्षं कुठे गेली? तेवढा काळ काय कुणाला गळू झालं नाही? की आपल्याकडे हाडं मोडायची बंद झाली होती? ग्रंथ जपणाऱ्यांनी हळूहळू रक्ताला शिवणं टाकलं, आणि ग्रंथ न वाचता आलेल्यांनी हातातली विद्या हातात ठेवली. न्हाव्यांनी, वैदूंनी. पेशवाईच्या शेवटी पुण्याकडे कापलेलं नाक कपाळाच्या कातड्याने जोडणारा माणूस विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. प्रदर्शन नेमकं याच काळाचं, आणि नेमका हाच काळ गाळलेला!

आणि त्या गाळलेल्या जागेत काचपेटी. तिच्यात आजोबांची हत्यारं, पॉलिश केलेल्या पेटीत. खाली इंग्रजीत पाटी: पश्चिम भारतातील एका वैद्य घराण्याची शल्यपेटी.

मी ती तीनदा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली.

पलीकडच्या खोलीत गोऱ्या न्हाव्याला न्हावी म्हटलंय, मोठ्या अक्षरांत. आमच्या न्हाव्याला काचेत जागा मिळवायला वैद्य व्हावं लागलं. ज्यांनी त्यांना चार हात लांब ठेवलं, त्यांचंच नाव त्यांच्या हत्यारांवर! आणि हे करणारा त्यांचा सख्खा नातू!

"काही चुकलंय का?" हेदरबाईंनी विचारलं.

"विचारून सांगते," मी म्हणाले. त्यांनी वस्तू ठेवून घेण्याचा अर्ज पुढे केला. आजोबांनी धोकटी मला दिली होती, म्हणून सही माझी हवी होती. शुक्रवारी उद्घाटनाआधी दिली तरी चालेल, म्हणाल्या. मी अर्जाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

काळी वाळू

बुधवारी सगळे पश्चिम किनाऱ्यावर गेलो. तिथली वाळू काळी असते, लोखंडाची, काजळासारखी. लाटा मोठ्या, मागे झाडीने भरलेले कडे. मी हौसेने चपला काढल्या आणि दहा पावलं गेले. फेब्रुवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा. अकराव्या पावलाला मी अशी नाचले की दोन कुत्री भुंकायला लागली.

"आत्या! जँडल्स!" आर्या स्वतःच्या रबरी सपाता घेऊन पळत आली आणि स्वतः टाचांवर उड्या मारत परत गेली.

मी पाय पाण्यात घालून दगडावर बसले. सुहास शेजारी येऊन बसला. त्याला वाटलं भाजल्याबद्दल विचारावं.

"पाटी कुणी लिहिली?" मी विचारलं.

तो समुद्राकडे बघत म्हणाला, "मी."

"का?"

"ताई, इथे आलो त्या पहिल्या वर्षी एकांकडे जेवायला बोलावलं होतं. आडनावावरून गाव विचारलं, गावावरून घरात काय करतात ते. मी म्हटलं, आजोबा वैद्यकी करायचे. खोटं होतं का ते?"

"नव्हतं."

"मग त्यांनीच म्हटलं, म्हणजे वैद्य घराणं. मी नाही म्हणालो नाही. एवढंच. पुढच्या जेवणाला ते माझ्याआधी पोहोचलेलं होतं."

"आणि राजवैद्य?"

"ते नानांचं."

मला हसू आलं असतं, पण पाय झोंबत होते. मी म्हटलं, "गोऱ्या न्हाव्यांचं मिस्टर लावून घेतलंस, वर केक वाटलास. आपल्या न्हाव्याची लाज वाटते?"

"लाज नाही गं." तो पहिल्यांदा चिडला. "तुझं काय जातं? तू पुढच्या आठवड्यात जाशील. मला इथे राहायचंय. बावीस वर्षांनी लोकांना काय सांगू? तेव्हा खोटं बोललो म्हणून? त्यांना आजोबांचं काही वाटणार नाही, कदाचित. माझं वाटेल."

हे खरं होतं, आणि मला ते दिसत होतं. तरी माझा राग एक इंचही उतरला नाही.

"आजोबा जन्मभर ओट्याच्या खाली बसले, सुहास. तू त्यांना काचेत बसवलंस, पण दुसऱ्याच्या नावाने. पाटी बदल. नाहीतर मी सही करत नाही, धोकटी माझ्या बॅगेत परत."

"तू करशील असं?"

"यादीत लिहिलंय."

तो उठून गेला. घरी जाताना सुहासने गाडीतला रेडिओ मोठा केला. मीनलने मागे वळून मला हळूच कोरफडीची नळी दिली.

उद्घाटन

शुक्रवारी दुपारी तीन. गर्दी तीसेक जणांची. चहा, काकडीची सँडविचेस, मीनलने केलेल्या अळूवड्या. अळूवड्या आधी संपल्या. पाटी तशीच होती. मी झिजलेली रिकामी धोकटी कापडी पिशवीत घालून आणली होती, वस्तू परत भरायला. अर्ज पर्समध्ये, कोरा. हेदरबाई माझ्याकडे पाहत होत्या, मी सुहासकडे आणि सुहास सँडविचकडे.

काचपेटी उघडी ठेवून हेदरबाई पांढरे हातमोजे घालून एकेक वस्तू दाखवत होत्या. त्यांनी शिंग उचललं. "हे कशासाठी होतं, कुणी सांगेल?"

नाना पुढे सरसावले. "सोपं आहे," त्यांनी इंग्रजीत सांगितलं. "वैद्य यातून रोग्याला काढा पाजायचे. रुंद तोंडातून ओतायचा, बारीक टोक घशात."

"मेंढ्यांना पाजतात तसं?" एका शेतकऱ्यासारख्या दिसणाऱ्या आजोबांनी विचारलं.

"अगदी तसंच!" नाना खूश झाले. आणि हेदरबाईंनी पेन काढून ते फळीवर लिहायला घेतलं.

माझ्या कानशिलातून वाफ निघत होती. मी पिशवी उचलली आणि पेटीकडे निघाले. तेवढ्यात सुहास म्हणाला, "नाही."

फार मोठ्याने नाही, पण शस्त्रक्रियागृहात बोलत असेल तसं. हेदरबाईंचं पेन थांबलं.

"असं नाही ते. द्या इकडे." त्याने हातमोजे चढवले, शिंग घेतलं, आणि आर्याला म्हणाला, "हात पुढे कर." तोंड लावणार नाही असं हेदरबाईंना सांगून त्याने शिंगाचं रुंद तोंड तिच्या दंडावर टेकवलं. "आधी फासण्या. खोल नाही, नखाएवढ्या. मग हे असं, करंगळीने कड दाबून. हवा एका दमात ओढायची नाही, तीन घोट. आणि मेण आधीपासून गालात धरलेलं असतं, कोमट राहायला. जिभेने टोकाशी आणून भोक बंद करायचं. मग त्यावर अंगठा, मेण बसेपर्यंत उचलायचा नाही." त्याचा अंगठा टोकावर बसला होता, आजोबांचा बसायचा तसाच, किंचित तिरका. तो सहा-सात वर्षांचा असताना त्यांच्या मांडीला चिकटून बसायचा, ते मी विसरले होते.

नाना मराठीत म्हणाले, "डॉक्टर, वैद्यांना हे हाताने करता यायचं?"

"नाही," सुहास म्हणाला. "वैद्य लांब उभे राहायचे. हे माझे आजोबा करायचे. ते न्हावी होते, नाना. वैद्य नव्हते. मी कधी सांगितलं नाही."

मग त्याने हेच इंग्रजीत सांगितलं, पूर्ण, एकही शब्द न गाळता.

"ओह, कूल," आर्या म्हणाली. "आत्या, तू मला का नाही सांगितलंस?"

नाना म्हणाले, "अच्छा, अच्छा." एवढंच. चहाचा कप ठेवला आणि दोन जोडप्यांबरोबर व्हरांड्यात गेले. तिथे त्यांचा खणखणीत आवाज प्रथमच दबका ऐकू आला. एक तरुण परिचारक, मूळचा नांदेडचा, सुहासजवळ येऊन हात हातात घेऊन उभा राहिला. सुहासच्या मानेवर घाम होता. पुढच्या रविवारच्या जेवणाचं निमंत्रण त्याला येईल की नाही हे मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. न येवो, असं जेवण काय कामाचं, असं मला वाटतं. पण राहायचं त्याला आहे, हेही मला कळतं.

हेदरबाईंनी पाटी काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतली. न्हाव्याची हत्यारं, कराडजवळचं गाव. मी पिशवीतून धोकटी काढून काचेत ठेवली. पॉलिशची पेटी सुहासने स्वतःच उचलून बाजूला केली.

"मालकाचं नाव?" हेदरबाईंनी विचारलं.

गावात त्यांना कुणी पूर्ण नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. सुहासने एकेक अक्षर सांगत लिहवून घेतलं: गणपत सखाराम, आणि पुढे आमचं आडनाव. मग मी सही केली.

नंतर मी पुन्हा पहिल्या खोलीत गेले, खात्री करायला. रक्त धरायचं भांडं आहे, त्याच्या मालकाचं नाव नाही. दात उपटायचा चिमटा आहे, नाव नाही. प्राध्यापकाचं नाव चित्राखाली आहे, कापणाऱ्याचं नाही. तीन खोल्यांत नाव असलेला न्हावी एकच आहे.